काहिंदोच्या आधी कोण

"म्हणजे म्हातारा तोही ओल्ड आणि म्हातारी तीही ओल्डच?" फुराहा आजीने विचारलं.

"ओल्डच," काविरा म्हणाली.

"मागे काही जोडायचं नाही?"

"काही नाही. फ्रेंचमध्ये बाई आली की विशेषणाचं रूप बदलतं. इंग्रजीत बाप्या येवो, बाई येवो, शेळी येवो, विशेषण जागचं हलत नाही."

"बरं झालं बाई. चाळीस वर्षं त्या माणसाच्या मागून चालले. शेवटी इंग्रजांनी तरी शेजारी बसवलं."

ताडपत्रीखाली बसलेली बारा-तेरा माणसं खदखदून हसली. रविवारी तिथे चर्च भरायचं, इतर दिवशी दुपारी तीनला काविराचा वर्ग. विटांवर टाकलेल्या फळ्यांची बाकं आणि एका जुन्या दाराला काळा रंग देऊन केलेला फळा. बुटेंबोच्या कॉलेजात तीन वर्षं इंग्रजी शिकलेली ही बाई गेलं दीड वर्ष युगांडातल्या या निर्वासितांच्या वसाहतीत शिकवत होती. सीमेपलीकडून, काँगोतून आलेली सगळी माणसं आपापल्या बोलीत आणि मोडक्या फ्रेंचमध्ये बोलायची, आणि इथे दवाखान्यापासून सरकारी मुलाखतीपर्यंत पावलोपावली इंग्रजी लागायचं.

आज तिची अडीच वर्षांची काहिंदोही वर्गात होती. एरवी शेजारीण सांभाळायची, पण ती पीठ-डाळ आणायला रांगेत गेली होती. पोरगी फळ्याखाली बसून खडूचा तुकडा चोखत होती. काविराचं अर्धं लक्ष त्या खडूकडे आणि अर्धं बाहेरच्या वाटेकडे होतं. वाटेकडे पाहायची तिला सवयच लागली होती.

मागच्या बाकावर एक हात वर झाला. शाळेतल्या मुलासारखा, सरळ.

"बाई, एक शंका होती."

तो म्बूसा. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. नऊ दिवसांपूर्वी वस्तीत आला होता. काविराने हा भाग मुद्दाम निवडला होता, कारण इथे तिच्या डोंगरांवरचं कोणी नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी या माणसाने तिला तिच्या घरच्या बोलीत, किनांदेत, नमस्कार केला होता.

"विचारा."

"मला कोणी इंग्रजीत सांगितलं, अमक्या घरात एक मूल आहे, स्मॉल आहे, क्लेव्हर आहे. तर ते मुलगा की मुलगी, मला कळणारच नाही?"

"पुढे ही किंवा शी आल्याशिवाय नाही."

"आणि सांगणाऱ्याने ते शब्द टाळले तर?"

"तर नाही कळणार."

"मग ही चोरांच्या सोयीची भाषा आहे की हो!"

पुन्हा हशा पिकला. फुराहा आजी मागे वळून म्हणाली, "तुला रे कशाला पाहिजे लोकांच्या घरातलं? आधी स्वतःचं लग्न कर."

म्बूसाही हसला. काविराने फळा पुसायला घेतला. त्यावर पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती पुसत राहिली.

तिच्या घरात तसं एक मूल होतं. नऊ वर्षांचं, स्मॉल आणि क्लेव्हर. वसाहतीच्या कागदावर ते मुलगी होतं, नाव मसीका. शाळेत निळा झगा घालून जायचं. इथल्या शाळांत मुलगे काय, मुली काय, सगळ्यांचीच डोकी भादरलेली, त्यामुळे केसांचा प्रश्न नव्हता. पण ते होतं मुलगा आणि त्याचं खरं नाव मुंबेरे.

काविराचा नवरा कासेरेका शाळामास्तर होता. बाजारच्या रस्त्यावर त्याला मारलं. कोणी मारलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दहाव्या दिवशी त्याचा थोरला भाऊ पालुकू डोंगरावरून खाली आला. मागे बंदुका घेतलेली पाच-सहा पोरं होती, त्यातलं सगळ्यात लहान जेमतेम बारा वर्षांचं असेल. पालुकूचे स्वतःचे दोन्ही मुलगे त्याच डोंगरावर लढताना गेले होते. तो काविराच्या हातचं जेवला, हात धुतले आणि मुंबेरेच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "काविरा, पोरगा घराण्याचा आहे. घेवडा निघाला की मी येतो न्यायला."

घेवडा निघायच्या आत ती निघाली. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर बंदुकवाले गाडीतून मुलग्यांना खाली उतरवायचे, मुलींकडे बघायचे आणि सोडायचे. मुंबेरे तिच्या जुन्या कापडाच्या झग्यात तिला चिकटून बसला होता. तीन नाके तसे पार पडले. सीमा ओलांडल्यावर नोंदणीच्या टेबलावर कारकुनाने पोराकडे न बघताच विचारलं, "मुलगी?" आणि तिच्या तोंडून हो गेलं. पालुकूची माणसं सीमेच्या अलीकडेही येतात, असं ती ऐकून होती.

तेव्हापासून ती पोराला न्हाणीत एकटीच न्यायची, बसून लघवी कर म्हणून दटावायची, तापाला डॉक्टरकडे न नेता घरीच ओल्या फडक्याने पुसत बसायची. स्वाहिलीत आणि किनांदेत निभावून जायचं, तिथे तो-ती असा भेदच नाही. फ्रेंच बोलणारं कोणी भेटलं की मात्र पंचाईत. लहान म्हणा, शहाणी म्हणा, दमली म्हणा, दर शब्दाला एक खोटं. इंग्रजीत तिला श्वास घेता यायचा. माय चाइल्ड इज स्मॉल. यात कुठे खोटं होतं?

वर्ग सुटला. माणसं पांगली. म्बूसा टोपी हातात घेऊन मागे रेंगाळला, मग फळ्याखाली उकिडवा बसला आणि किनांदेत म्हणाला, "काय गं ठमे? खडू गोड आहे का?"

पोरीने मान हलवली.

"मला देतेस थोडा? बरं, नको देऊ. नाव तर सांग."

"काहिंदो!" पोट पुढे काढून पोरगी म्हणाली.

म्बूसा हसायला लागला आणि हसता हसता थांबला.

काविराला त्याच क्षणी ते नाव पहिल्यांदा ऐकू आलं. दीड वर्ष सगळी गल्ली पोरीला याच नावाने हाका मारत होती. पण ती माणसं वेगळ्या मुलखातली, त्यांना तो नुसता आवाज. काविराच्या लोकांत मात्र नाव ठेवत नाहीत, मोजतात. पहिला मुलगा मुंबेरे किंवा पालुकू, तिसरा कासेरेका, सहावा म्बूसा. पहिली मुलगी मसीका, दुसरी काविरा. आणि आधी मुलगा होऊन मग मुलगी झाली, तर ती काहिंदो. नाव ऐकलं की घरातली पोरं डोळ्यांपुढे ओळीने उभी राहतात. काविराने थोरल्याचं नाव बदललं, कपडे बदलले, चालायची ढब बदलली. धाकटीचं नाव बदलायला हवं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आपल्या दाराचा उंबरा आपल्याला कुठे दिसतो? पाय आपोआप उचलला जातो.

"काहिंदो," म्बूसा सावकाश म्हणाला. "मग हिच्या आधी मुलगा."

काविरा खडू गोळा करत राहिली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, दोघी मुलीच. थोरली मसीका."

"होता," काविरा म्हणाली. "मधला. गेला."

म्बूसा उठून उभा राहिला. "कधी?"

"इकडे येताना. ताप आला होता."

"कुठे ठेवलात त्याला?"

"वाटेत."

एकेक उत्तर आधीच्यापेक्षा सोपं जात होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिने पोरीला उचलून घट्ट धरलं. आपल्या तोंडाने आपण हे काय बोललो? जिवंत लेकराला गेला म्हटलं. तिची आई असती तर तिथल्या तिथे थोबाडीत मारली असती.

"आणि रडायला कोणी आलं नाही?" म्बूसाने विचारलं.

"इथे आपलं आहे कोण?"

"मी आहे ना." त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता, की तसं दाखवत होता? "बाई, असं पोर एकटीने पुरायचं नसतं. पलीकडच्या भागात आपल्या दोन बायका आहेत. उद्या शनिवार. घेऊन येतो त्यांना."

"नको, कशाला त्रास."

"त्रास कसला? हे तर करावंच लागतं."

घरी गेल्यावर काविराने थोरल्याला जवळ बसवलं. कसाव्याचा पाला चुलीवर शिजत होता. पोर काडीने जमिनीवर गाडी काढत होतं.

"उद्या माणसं येणारेत. ती रडतील. तू गप्प बसायचंस."

"कोणासाठी रडतील?"

"एक मुलगा होता, त्याच्यासाठी."

"आपल्या ओळखीचा?"

"गाडी पूस ती. मुली गाड्या काढत नाहीत."

पोराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तळहाताने गाडी पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती माणसं आली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. दोन्ही बायकांनी डोक्याला गडद फडकी बांधली होती. एकीच्या हातात घेवड्याचं टोपलं, दुसरीच्या डोक्यावर कोळशाची पिशवी. म्बूसा मागून आला. चटया टाकल्या, माणसं बसली. थोरली बाई साठीची असेल. तिने काविराचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"नाव काय होतं गं त्याचं? प्रार्थनेत घ्यायला लागेल."

हे काविराने रात्रीच परीक्षेसारखं घोकून ठेवलं होतं. "मुहिंदो," ती म्हणाली. मुलीनंतर झालेला मुलगा मुहिंदोच असणार. मोजणीत ते चपखल बसत होतं. आणि त्या नावाचं तिच्या घरात कोणी नव्हतं, हे रडणं तिच्या लेकराला लागणार नव्हतं.

म्बूसाने मान डोलावली.

"कोणाचा?" थोरल्या बाईने विचारलं.

काविरा गडबडली. पोराचं नाव तयार होतं. बापाचंही नाव घेतात, हे ती विसरूनच गेली होती. बाईची बोटं तिच्या मनगटावर होती. "कासेरेकाचा," ती म्हणाली.

"कुठला कासेरेका?"

"वुतेंगेचा. मास्तर होते."

"पालुकूचा भाऊ?" म्बूसाने विचारलं. तिने वर पाहिलं तेव्हा तो टोपीच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"ओळखता?"

"वुतेंगेचा पालुकू कोणाला माहीत नाही?"

एवढंच. मग प्रार्थना सुरू झाली आणि बायका रडायला लागल्या. त्या आपापल्या मेलेल्यांसाठी रडत होत्या, हे काविराला कळत होतं. आणि मग तिलाही रडू फुटलं. कासेरेका गेला तेव्हा पालुकूच्या पोरांना जेवायला वाढता वाढता तिचं रडायचं राहूनच गेलं होतं. पोर कोपऱ्यात पाण्याचं भांडं घेऊन बसलं होतं, झगा गुडघ्याखाली ओढून. सांगितल्याप्रमाणे गप्प.

रडणं ओसरल्यावर थोरल्या बाईने त्याला हाताने जवळ ओढलं. "मसीका, तुला भाऊ आठवतो का गं?"

पोराने आईकडे पाहिलं.

"आठवतो."

"कसा होता गं?"

"त्याला झाडावर चढता यायचं," ते म्हणालं. "आंब्याच्या. वरच्या फांदीपर्यंत. आणि तो पळायला लागला ना, की कोणालाच सापडायचा नाही."

दोन्ही बायकांनी तोंडाला पदर लावावा तशी फडकी लावली. म्बूसा रडला नाही. तो पोराच्या गुडघ्याकडे पाहत होता. झगा वर सरकला होता आणि गुडघ्यावर ताजी खपली होती, झाडाच्या सालीने सोलवटल्याची. मग तो कालचा धडा म्हणून दाखवावा तसा इंग्रजीत म्हणाला, "अ ब्रेव्ह चाइल्ड. बरोबर आलं ना, बाई?"

"बरोबर," काविरा म्हणाली.

कोणाला म्हणाला? मेलेल्याला की समोरच्याला? मुलगा म्हणून की मुलगी म्हणून? शब्दावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता. इतके दिवस जिच्या आडोशाला तिचा मुलगा उभा होता, त्याच भाषेच्या आडोशाला आता हा माणूस जाऊन उभा राहिला होता, आणि तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

उठताना थोरली बाई म्हणाली, "बापाकडच्यांना कळवलंयस ना?"

"नाही."

बाईने तिचा हात सोडला. "असं कसं केलंस? पोर काय तुझ्या एकटीचं होतं?"

"मावशी, निघून आले घाईत. कसं कळवणार होते?"

"ते मला माहीत नाही. बापाच्या घरात रडणं झालं नाही, तर लेकरू वाटेतच अडकतं. ना इथलं, ना तिथलं." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "अजून उशीर झालेला नाही. कोणीतरी जाईल."

"नको," काविरा म्हणाली. तिचा आवाज मोठा झाला होता. "माझं मी बघेन."

"ती बघेल," म्बूसा थोरल्या बाईला म्हणाला आणि त्याने टोपी घातली.

रविवार काविराने घरातच काढला. म्बूसा प्रार्थनेला दिसला नाही, असं शेजारणीने सांगितलं. आजारी असेल, ती मनाशी म्हणाली. सोमवारी तीनला ती फळ्यापुढे उभी राहिली. मागचं बाक रिकामं होतं.

"आज नवे विद्यार्थी कुठे गेले?" तिने हसत विचारल्यासारखं केलं.

"अगं बाई, तुम्हाला माहीत नाही?" फुराहा आजी म्हणाली. "तुमच्याच तर कामाला गेलाय. काल पहाटे सीमेकडच्या ट्रकवर बसला. मी म्हटलं, अरे, एवढा प्रवास कशाला, फोन कर. तर म्हणतो कसा, आजी, आमच्यात अशी बातमी फोनवर देत नाहीत. दारात उभं राहून, टोपी काढून सांगायची असते. मी तर म्हणते देवमाणूस. हल्ली सख्खी माणसं करत नाहीत एवढं."

"कोणाच्या दारात?"

"तुमच्या थोरल्या दिरांच्या, दुसऱ्या कोणाच्या? बाई, बसा हो. पाणी आणू का?"

काविरा बसली नाही. फळ्यावर टॉल, शॉर्ट, फॅट, थिन लिहिलेलं होतं. ती त्या शब्दांकडे पाहत दिवस मोजत होती. काल पहाटे निघाला, म्हणजे रात्री सीमेवर. आज डोंगर चढेल. पालुकूच्या दारात टोपी काढून सांगेल, तुमच्या भावाचा मुहिंदो गेला, थोरली मसीका आणि धाकटी काहिंदो बऱ्या आहेत. म्बूसा चांगला असो की वाईट, सांगणार तेच. हेर म्हणून गेला काय आणि सज्जन म्हणून गेला काय, बातमी एकच. आणि पालुकूला मोजायला किती वेळ लागेल? मुंबेरे जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा उचललं होतं ते त्यानेच. या घरात मसीका कधी जन्मलीच नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

तिचा मुलगा दीड वर्ष सापडला नव्हता. तो मेला असं तिने सांगितलं, आणि त्याचा पत्ता घेऊन माणूस निघाला.

"आज एवढंच," ती म्हणाली.

"अहो, आत्ताच तर सुरू केलंत!"

ती बाहेर पडली होती.

शाळेच्या मैदानात दोनशे भादरलेली डोकी उन्हात इकडून तिकडे धावत होती. क्षणभर तिला आपलं पोर ओळखता येईना आणि त्याही स्थितीत तिला बरं वाटलं. मग भिंतीपाशी ते दिसलं. ते धावत नव्हतं. मुलींच्या घोळक्यात उभं राहून मुलग्यांचा चेंडू बघत होतं.

"ताप आहे हिला," ती वर्गशिक्षिकेला म्हणाली आणि हाताला धरून घेऊन आली.

शेजारीण पाण्यावर गेली होती. तिच्या दोरीवरून काविराने तिच्या पोराची खाकी चड्डी आणि सदरा काढून घेतला आणि त्या जागी निळा झगा नीट चिमटे लावून वाळत घातला. चोरी ती चोरीच, पण निदान दोरी रिकामी दिसायला नको. दोन झगे, औषधाची बाटली, कॉलेजचं प्रमाणपत्र, थोडं पीठ. काहिंदोला पाठीशी बांधलं.

पोर चड्डी घालून उभं होतं. खिशात हात घालून बघत होतं, काढत होतं, पुन्हा घालत होतं.

"आता मी मुलगा?"

"हो."

"पण मी तर मेलोय ना?"

काविराच्या हातातली गाठ सुटली. "कोण म्हणालं?"

"त्या दिवशी माझ्यासाठीच रडत होत्या ना त्या? मला कळलं होतं." ते रागावलेलं नव्हतं. हिशोब लावावा तसं विचारत होतं. "मग आपण पळतोय कशाला? मेलेल्याला कोणी शोधतं का?"

"तू मेलेला नाहीस. पुन्हा तो शब्द काढायचा नाही तोंडातून."

"मी नाही काढला. तू काढलास."

तिने त्याला जवळ घेतलं. त्याच्या डोक्याला शाळेच्या मातीचा आणि घामाचा वास येत होता. मग तिने त्याला लोटलं, कारण तिने सांगून ठेवलेली मोटारसायकल बाहेर येऊन थांबली होती.

या भागातला तो एकटाच मोटारसायकलवाला, बडबड्या, सगळ्यांना नावानिशी ओळखणारा. पण चालत मुख्य रस्ता गाठायला अंधार झाला असता. तिने मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्यावर सोड म्हणून सांगितलं. पोर पुढे टाकीवर, ती मागे, काहिंदो पाठीवर.

"हा कोण नवीन गडी?" निघता निघता त्याने विचारलं. "तुमच्याबरोबर मुलगी असते ना?"

"भाचा."

"वा! चेहरा अगदी मसीकाचाच. ती कुठेय?"

"शाळेत."

"बरं, वहिनी, फार वाईट वाटलं हो तुमच्या पोराचं. मला कालच कळलं. त्या टोपीवाल्या दादांना मीच सोडलं ना ट्रकपाशी. डोळे पुसत होते सारखे. म्हणाले, गुरुवारी दुपारी न्यायला ये. एकटा नाही येणार, घरची माणसं असतील तिची. तीन गाड्या सांगून ठेव."

"तीन?"

"तीन. मी म्हटलं, बरं झालं, बाईला आधार होईल." त्याने खड्डा चुकवला. "बसथांबा म्हणालात ना? कुठे चाललात म्हणे?"

गुरुवारी पहिल्या गाडीवर पुढे हाच असेल. मागे पालुकू. आणि वाटभर हा असाच बोलत असेल.

रस्त्याकडेला एका पाटीखाली माणसांची रांग दिसली. "इथेच थांब," काविरा म्हणाली. "दवाखान्यात जाऊन येते. पोरीचं अंग तापलंय."

"थांबतो की मग मी."

"नको. रांग बघितलीस ना? रात्र होईल आम्हाला. परत जाताना बघू दुसरं काहीतरी."

तो थोडा वेळ घुटमळला, काहिंदोच्या गालाला बोट लावून म्हणाला, "देव बरं करील," आणि गाडी वळवून गेला. धूळ बसेपर्यंत काविरा रांगेत उभी राहिली. मग दवाखान्याच्या मागच्या बाजूने, जिथे बायका कपडे वाळत घालत होत्या तिथून, ती दोन्ही पोरांना घेऊन केळीच्या बागेत शिरली. बसथांबा डावीकडे होता. ती उजवीकडे वळली. तिकडे काय आहे तिला नक्की माहीत नव्हतं. म्हणूनच ती तिकडे निघाली.

बाग संपली आणि उतारावरची पायवाट लागली. समोर कोणी नव्हतं. दूर एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन चालली होती, तीही पाठमोरी. पोराने मागे वळून आईकडे पाहिलं, चड्डी वर ओढली आणि ते पळायला लागलं.

दीड वर्षात ते असं पळालं नव्हतं. आधी गुडघे जरा अडखळले, अंगावर अजून झगा असल्यासारखे. मग पाय मोकळे झाले. सदरा फुगला. ते उतारावरून सुसाट खाली चाललं होतं, हात पसरून, आणि खाली वळणापाशी पायवाट गवतात शिरत होती. त्या गवतापलीकडे रस्ता होता की वस्ती, की आणखी कोणाची माणसं, इथून काही दिसत नव्हतं.

"थांब!" म्हणायला काविराने तोंड उघडलं. पण कोणत्या नावाने? मुंबेरे म्हणून हाक मारावी, तर ते नाव घेऊन पालुकू येत होता. मसीका म्हणावं, तर ते नाव तीन गाड्यांना माहीत होतं. मुहिंदो तर तिनेच रडून पुरला होता. पाठीवर काहिंदो जागी झाली आणि दादा दिसेना म्हणून रडायला लागली.

खाली गवत हललं आणि पोर त्यात दिसेनासं झालं.

काविराने हाक मारलीच नाही. पाठीवरची गाठ एका हाताने घट्ट धरून ती पळत सुटली.